इंग्रजीत 'बाप रे' कसं म्हणायचं?

मुंबईत 'शॉक' हा शब्द केव्हाच मराठी झाला. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकला की शॉक, ठाणे फास्ट वेळेवर आली की शॉक, शेजारच्या अबोल मुलाने परस्पर लग्न ठरवलं की शॉक, आणि ओल्या हाताने गिझरचं बटण दाबलं की तोही शॉकच. एकच शब्द सगळीकडे पुरतो, कारण तो आपल्या 'धक्क्या'च्या जागेवर बसलाय. मराठीत धक्का सुखद असतो, दुःखद असतो, आठच्या लोकलमधला असतो, भाऊचाही असतो.

अडचण येते ती हाच शब्द परत इंग्रजीत पाठवताना. परळला माझ्या स्पोकन इंग्लिशच्या संध्याकाळच्या बॅचला नोकरी करणारी मंडळी येतात. लोअर परळ, बीकेसी, मालाड इथल्या ऑफिसांतली, मराठी माध्यमात शिकलेली, कामात वाघ. त्यातल्या एकीला बढती मिळाली. लंडनच्या साहेबाने अभिनंदनाचा मेल टाकला. हिने आनंदाच्या भरात उत्तर दिलं, 'आय ॲम शॉक्ड बाय माय प्रमोशन.' साहेबाचा उलट मेल आला: काही अडचण आहे का? फोनवर बोलू या का? ती मोबाईल नाचवत वर्गात आली. "मॅडम, मी तर आभार मानले होते हो!"

इंग्रजीत 'शॉक्ड' म्हटलं की ऐकणारा वाईट बातमी गृहीत धरतो. अपघात, मृत्यू, घोटाळा, गेलेली नोकरी. हा शब्द इंग्रजीत शिरला तो सोळाव्या शतकात, फ्रेंचमधून, दोन फौजा एकमेकींवर आदळतात त्या टकरीसाठी. आदळण्याचा तो भाव अजून गेलेला नाही. दुसरा अर्थ आणखी टोचरा आहे: नीतीला बसलेला धक्का. कुणाच्या वागण्याबद्दल 'आय ॲम शॉक्ड' म्हणणं म्हणजे 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' असं तोंडावर सुनावणं. ब्रिटिश माणूस तर नुसत्या भिकार गोष्टीलाही शॉकिंग म्हणतो. शॉकिंग हवामान, शॉकिंग अक्षर. आता बढतीचं ते वाक्य पुन्हा वाचा. मला बढती देण्याइतका भोंगळ कारभार या कंपनीत चालतो, असा त्याचा सूर निघतो. तिला हवं होतं 'आय ॲम डिलाइटेड' किंवा फार तर 'व्हॉट अ लव्हली सरप्राइज'.

मग बाकीच्या शब्दांचं काय? स्पोकन इंग्लिशच्या पुस्तकांत एक शिडी काढलेली असते. खालच्या पायरीवर सरप्राइज्ड, मग अमेझ्ड, ॲस्टॉनिश्ड, ॲस्टाउंडेड, आणि वर टोकाला फ्लॅबरगास्टेड. ही शिडी पाठ करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. हे शब्द नुसते लहान-मोठे नाहीत, प्रत्येकाची जात वेगळी आहे. आणि ती जात ओळखायला एक साधन आपल्या घरातच पडून आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. मन हललं की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा: स्तंभ, स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद, वेपथू (थरथर), वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. नाट्यशास्त्र आणि लंडन यांचा काय संबंध, असं वर्गातही विचारतात. संबंध एवढाच की इंग्रजीतले धक्क्याचे जुने शब्द मुळात शरीराचं वर्णन म्हणूनच जन्मले, त्यामुळे त्यांतले बरेचसे या यादीत बिनबोभाट बसतात.

स्तंभ घ्या, म्हणजे जागीच थिजणं. स्टन्ड, ॲस्टॉनिश्ड आणि ॲस्टाउंडेड हे तिघे सख्खे भाऊ. तिघांच्याही मुळाशी लॅटिनमधला गडगडाट आहे, डोक्यावर वीज कडाडली की माणूस उभ्या जागी लाकूड होतो तो प्रकार. पण भाऊ वेगळे निघाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा आज वाचणारा परदेशी पाहुणा ॲस्टॉनिश्ड होईल. त्याच्या बुद्धीला ते पटत नाही, इतकंच. त्या संध्याकाळी कुर्ल्याला छातीभर पाण्यात उभा असलेला माणूस स्टन्ड होता. त्याला विश्वास बसण्या-न बसण्याशी घेणं नव्हतं, पुढचं पाऊल कुठे टाकायचं तेच कळत नव्हतं. ॲस्टॉनिश्ड माणूस बोलू लागतो, स्टन्ड माणूस थांबतो. आणि गंमत अशी की 'स्टनिंग' हे विशेषण मात्र बहुतेक वेळा कौतुकाचं. स्टनिंग पैठणी म्हणजे बघणारा थांबला पाहिजे अशी पैठणी.

रोमांच म्हणजे अंगावर काटा. 'हॉरिफाइड'च्या मुळाशी केस ताठ उभे राहण्याचा लॅटिन शब्द आहे. इथे मराठी माणूस हमखास फसतो, कारण आपला काटा आनंदानेही येतो. भीमसेन जोशींची तान ऐकून अंगावर काटा आला हे सांगताना हॉरिफाइड म्हणालात तर गाणं भयंकर झालं असा अर्थ होईल. तिथे 'गूजबम्प्स' हा शब्द आहे. हॉरिफाइड फक्त भीतीचा आणि किळसेचा.

वैवर्ण्य, चेहऱ्याचा रंग उडणं. 'अपॉल्ड' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या फिकट पडण्यापासून आला. आज त्यातला रंग गेलाय आणि संताप उरलाय. सार्वजनिक इस्पितळातली घाण, पुलाच्या कामातला निष्काळजीपणा, लहान मुलाला झालेली मारहाण, अशा ठिकाणी अपॉल्ड. शॉक्डपेक्षा हा एक पायरी वरचा, आणि त्यात 'कुणीतरी याचा जाब दिला पाहिजे' हे दडलेलं असतं. चहात साखर जास्त पडली म्हणून अपॉल्ड होऊ नये.

स्वरभेदात गर्दी फार. स्पीचलेस, लॉस्ट फॉर वर्ड्स, डम्फाउंडेड, सगळे वाचा बसलेले. यांतला सर्वांत रंगेल 'गॉबस्मॅक्ड'. गॉब म्हणजे ब्रिटिश बोलीतलं तोंड, स्मॅक म्हणजे चापट. तोंडावर फाडकन बसली आणि शब्द आतच राहिला. पण आपलं 'तोंडात मारल्यासारखं झालं' हे याचं भाषांतर समजू नका. आपल्या वाक्यात अपमान आहे, गॉबस्मॅक्डमध्ये अपमानाचा लवलेश नाही. लॉटरी लागलेला माणूसही गॉबस्मॅक्ड असतो. शब्द गप्पांतला आहे, ऑडिट रिपोर्टात शोभणार नाही.

प्रलय म्हणजे भान हरपून कोसळणं, त्याला इंग्रजीत 'फ्लोअर्ड' आहे, अक्षरशः जमिनीवर. 'अगास्ट'मध्ये भूत शिरलंय. त्याच्या स्पेलिंगमधला एच हा भुताच्या इंग्रजी शब्दाच्या ओढीने आला. 'फ्लॅबरगास्टेड' मात्र भरताच्या कुठल्याच खणात बसत नाही. १७७२ मध्ये तो फॅशनमधला नवा शब्द म्हणून छापून आला आणि तेव्हापासून त्याचं वजन विनोदीच आहे. उच्चारतानाच गाल थलथलतात. खऱ्या दुःखाच्या जागी तो वापरला तर ऐकणाऱ्याला हसू आवरणार नाही.

'अमेझ्ड'चा मूळ अर्थ चक्रावून जाणं. भूलभुलैयाला म्हणतात तो 'मेझ' याच घरातला. आज मात्र तो जवळपास कायम चांगल्या बाजूने बोलतो. मुंबईच्या ऑफिसांत त्याची पार झीज झालीये. प्रेझेंटेशन अमेझिंग, पोहे अमेझिंग, एसी चालू झाला तरी अमेझिंग. झिजलेलं नाणं चालतं, खणखणत नाही. मनापासून दाद द्यायची असेल तर 'एक्स्ट्रॉर्डिनरी' किंवा 'रिमार्केबल' वापरून बघा.

दचकणं वेगळं ठेवा. खिडकीच्या ग्रिलवरून अचानक कबूतर फडफडलं, मागून कुणी पाठीत थाप मारली, तर माणूस 'स्टार्टल्ड' होतो. पापण्या मिटायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. काय झालं ते कळायच्या आत शरीर दचकून मोकळं होतं. बढती ऐकून कुणी स्टार्टल्ड होत नाही.

आता राहिला साधासुधा 'सरप्राइज'. सगळ्यांत मवाळ म्हणून शिडीच्या तळाशी टाकलेला. मूळ मात्र लष्करी. फ्रेंचमध्ये याचा अर्थ बेसावध गाठणं, पकडणं. इंग्रजीतही पूर्वी तो अचानक घातलेल्या छाप्यासाठी वापरत. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालात शाहिस्तेखानाचं जे झालं ते अस्सल जुन्या अर्थाचं सरप्राइज. वाढदिवसाचा केक फार नंतर आला.

आणि ऑफिसच्या मेलमध्ये हा शब्द अजून छापाच घालतो.

बीकेसीत काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला इंग्लंडच्या क्लायंटचा मेल आला: 'वी वेअर अ लिटल सरप्राइज्ड नॉट टु हॅव रिसीव्ड द रिपोर्ट.' याने वाचलं, थोडंसं आश्चर्य वाटलं म्हणतायत. थोडंसंच ना? हा शांतपणे खाली वडापाव खायला गेला. वर आला तेव्हा त्याचा मॅनेजर त्याच्या खुर्चीशेजारी उभा होता आणि वरच्या साहेबाला फोनवर सॉरी म्हणत होता.

ब्रिटिश मेलमधल्या 'अ लिटल'ला माप नसतं. 'थोडं आश्चर्य वाटलं' म्हणजे रिपोर्ट ठरल्या दिवशी यायला हवा होता, आला नाही, आम्ही वैतागलोय, आणि सभ्य माणसं असल्यामुळे एवढ्यावर थांबलोय. यानंतरचा मेल 'डिसअपॉइंटेड' असतो, आणि त्याच्या पुढचा तुमच्या वरिष्ठांना जातो. मी वर्गात हे समजावायला घेतलं, तर मागच्या बाकावरच्या ताईंनी एका वाक्यात संपवलं. "मॅडम, हे तर आमच्या सासूबाईंचं 'मला जरा आश्चर्यच वाटलं हो' आहे." अगदी तेच. 'जरा' म्हणजे किती, हे कुठल्याही सुनेला विचारा.

अशा मेलला 'आय ॲम ऑल्सो सरप्राइज्ड' असं उत्तर देणारेही भेटतात. तसं करू नका, ते भांडण ओढवून घेणं आहे. माफी, कारण एका ओळीत, रिपोर्ट किती वाजता मिळेल ते. बस. आणि तक्रार तुम्हालाच करायची असेल तर 'आय वॉज सरप्राइज्ड टु सी' पुरेसं धारदार आहे. 'शॉक्ड' हातात राखून ठेवा, एकदा वापरला की त्याहून मोठं फारसं काही उरत नाही.

समोरच्याने बोलता बोलता एकदम उद्धट उत्तर दिलं आणि क्षणभर काय बोलावं सुचलं नाही, त्यासाठी 'टेकन अबॅक' आहे. शिडाच्या जहाजांच्या काळातला शब्द. वारा अचानक समोरून शिडात घुसला की शीड डोलकाठीवर उलटं दाबलं जातं आणि जहाज जागच्या जागी अडतं. 'आय वॉज अ बिट टेकन अबॅक बाय हिज टोन' हे एचआरला लिहायला उत्तम वाक्य: तक्रारही झाली, आवाजही चढला नाही.

इथपर्यंत लिहिण्याचे शब्द झाले. तोंडातून निसटतात ते वेगळे. शाळेच्या व्याकरणात आपण त्यांना केवलप्रयोगी अव्ययं म्हणतो: अबब, अरेच्चा, बाप रे, अगंबाई, ओहो. इंग्रजीतला हा कप्पा उघडला की आधी देव बाहेर पडतो.

मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: 'ओह माय गॉड' म्हटलेलं चालतं का? आपल्याला यात काही खटकतच नाही. दचकलो की 'अरे देवा', वाईट ऐकलं की 'शिव शिव', थकलो की 'पांडुरंगा'. देवाचं नाव जितकं येईल तितकं चांगलं. कीर्तनातला अजामिळ तर पोराला हाक मारायला 'नारायण' म्हणाला आणि तेवढ्यावर तरला. ख्रिस्ती परंपरेत उलटी तऱ्हा. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नकोस, ही दहा आज्ञांतली एक. आश्चर्याच्या भरात 'गॉड' म्हणणं म्हणजे नेमकं व्यर्थ घेणं. अजामिळ तिकडे जन्मला असता तर त्याचं अवघड होतं.

इंग्लंडने याचा कायदाच केला. १६०६ साली पार्लमेंटने ठरवलं की रंगमंचावर देव, ख्रिस्त किंवा पवित्र आत्मा यांचं नाव थट्टेत वा निंदेत घेतलं तर दर वेळी दहा पौंड दंड. त्या काळी ही रक्कम मोठी होती. खुबी अशी की दंडातला अर्धा वाटा राजाला आणि अर्धा फिर्याद करणाऱ्याला. म्हणजे प्रेक्षकांत बसलेला कुणीही कान टवकारून बसायला मोकळा. परिणाम छापील प्रतींत आजही दिसतो. देवलांनी ज्यावरून 'झुंझारराव' बेतलं त्या शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'च्या १६२२ च्या प्रतीत पात्रं 'झाउंड्स' असं ओरडतात. १६२३ च्या मोठ्या संग्रहात तेच नाटक आहे, झाउंड्स गायब.

झाउंड्स म्हणजे 'देवाच्या जखमा', क्रुसावरच्या. शब्द इतका आवळला की देव दिसेनासा झाला. ही युक्ती इंग्रजांच्या अंगवळणीच पडली. खिळ्यांची आठवण काढणारा 'गॅडझुक्स'. गॉडचे झाले 'गॉश' आणि 'गॉली'. जीजसचे 'जी' आणि 'जीझ'. ख्राइस्टचा 'क्रायकी'. 'ब्लायमी' म्हणजे 'देव मला आंधळा करो' या शपथेचा चुरा. ज्यांना एवढंही नको त्यांनी देवाऐवजी त्याचा पत्ता सांगितला, 'गुड हेवन्स', किंवा त्याचा गुण, 'माय गुडनेस'. सैतानालाही टोपणनाव मिळालं. 'व्हॉट द डिकन्स' मधला डिकन्स हा सैतान, कादंबरीकार चार्ल्स डिकन्स नव्हे. तो १८१२ मध्ये जन्मला आणि शेक्सपिअरच्या पात्रांच्या तोंडी हा शब्द त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून आहे.

हे ऐकून 'काय ढोंगी लोक' असं कुणी म्हणालं की मी शिवाजी पार्कच्या कुठल्याही नेटसमोर पाच मिनिटं उभं राहायला सांगते. झेल सुटला की 'आयला!', चेंडू स्टंपला चाटून गेला की 'च्यायला!' यातला प्रत्येक शब्द म्हणजे आईवरून दिलेल्या शिवीचं शेपूट. डोकं कापलं, शेपूट ठेवलं, आणि आता ते घरात आजीसमोरही चालतं. तिकडे देव लपवला, आपण आई लपवली. ज्याची भीड जास्त, त्यालाच झाकावं लागतं.

व्यवहारात काय करायचं? मित्रमंडळींत, तरुण अमेरिकन सहकाऱ्यांत 'ओह माय गॉड' सर्रास चालतं. नव्या क्लायंटसमोर, वयस्कर माणसांसमोर 'ओह माय गुडनेस' किंवा 'गॉश' म्हणा, काहीच बिघडत नाही. 'जीजस!' आणि 'जीजस ख्राइस्ट!' मात्र टाळाच. त्यासाठी लंडनला जायला नको. वांद्रे, गोराई, वसईत घरी मराठी बोलणाऱ्या श्रद्धाळू ख्रिस्ती आजी आहेत, त्यांच्यासमोर वेब सीरिजमधून उचललेलं हे वाक्य फेकून बघा, चष्म्यावरून जी नजर येईल तीत सगळं उत्तर आहे. 'होली काउ' म्हणणारा अमेरिकन आपल्या गाईची चेष्टा करत नसतो. 'होली' या शब्दापुढे निरुपद्रवी काहीही जोडायची त्यांची सवय आहे. 'डब्ल्यूटीएफ' ऑफिसच्या चॅटवर नको, त्यातला एफ सगळ्यांना ठाऊक असतो. आणि 'ओएमजी' म्हणजे आजकालच्या पोरांचं खूळ, असं म्हणणाऱ्या काकांसाठी: ब्रिटिश आरमाराचा ॲडमिरल जॉन फिशर याने १९१७ मध्ये विन्स्टन चर्चिलला लिहिलेल्या पत्रात ही तीन अक्षरं, कंसात फोड करून, वापरली आहेत. तेव्हा त्याचं वय ७६ होतं. 'वाव' तर त्याहून पुराणा, १५१३ च्या स्कॉटिश लिखाणात सापडतो.

बोलताना मात्र शब्दांपेक्षा दोन लहान आवाज जास्त घोळ घालतात. पहिला 'ओह'.

जॉन हेरिटेज या समाजशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये या एवढ्याशा शब्दावर अख्खा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की 'ओह' म्हणणारा सांगत असतो, 'हे मला आत्ता कळलं.' डोक्यातल्या माहितीत बदल झाल्याची ती पावती. वाचताना किरकोळ वाटेल. पण क्लायंट फोनवर म्हणाला, 'शुक्रवारी डिलिव्हरी आहे,' आणि तुमच्या तोंडून 'ओह!' निघालं, तर तुम्ही काय कबूल केलंत बघा. शुक्रवार तुम्हाला ठाऊकच नव्हता. ठाऊक असेल तर 'येस, फ्रायडे' म्हणा. ठाऊक नसेल तरीही 'येस, फ्रायडे' म्हणा आणि फोन ठेवल्यावर घाबरा.

दुसरा आवाज 'रिअली?' याचा मराठी जुळा भाऊ 'हो का?'. 'हो का' आपण किती सुरांत म्हणतो ते आठवा. वर चढवला की खरं आश्चर्य, सपाट ठेवला की 'पुढे बोल, ऐकतेय', आणि लांबवून खाली सोडला की 'थापा मारू नकोस'. 'रिअली'चं तंतोतंत असंच आहे. त्यामुळे सूर सांभाळा, आणि एका ठिकाणी तो उच्चारूच नका. समोरचा म्हणाला, 'माझे वडील गेले,' तर मराठीत 'काय सांगता!' हे सहानुभूतीचं वाक्य आहे. इंग्रजीतलं 'रिअली?' तिथे उलटतपासणी वाटतं. 'ओह नो. आय ॲम सो सॉरी.' एवढंच, हळू आवाजात. 'शॉक्ड' हा शब्द जिथे शोभतो ती हीच जागा: 'आय वॉज शॉक्ड टु हिअर अबाउट युअर फादर.'

विश्वास बसत नसल्याचा आव आणणारी वाक्यंही ओळखून ठेवा. 'नो वे', 'यू आर किडिंग', 'गेट आउट ऑफ हिअर', आणि खास अमेरिकन 'शट अप!' मालाडच्या एका मुलीने फोनवर अमेरिकन बाईंना सांगितलं की आमच्या लोकलने रोज लाखो माणसं जातात, डब्याच्या दारात लटकून. बाई किंचाळल्या, 'शट अप!' ही बिचारी खरोखर गप्प झाली. पलीकडून 'हॅलो? हॅलो?' सुरू. तिला सांगितलं, अगं, हे आपलं 'चल, काहीतरीच!' आहे. आपणही 'चल' म्हणतो तेव्हा कुणाला घराबाहेर काढतो का? मग मात्र ती ते इतकं शिकली की घरी भावालाही शट अप म्हणू लागली, त्याचे परिणाम वेगळे.

आणखी एक. आश्चर्य आपोआप उसळतं, असं आपण समजतो. स्यू विल्किन्सन आणि सीलिया किट्झिंगर या संशोधकांनी खऱ्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं तपासून २००६ मध्ये दाखवलं की ते बरंचसं दोघांनी मिळून रचलेलं असतं. सांगणारा आधी तयारी करतो, 'विश्वास नाही बसणार तुझा' वगैरे, आणि ऐकणारा बरोबर जागेवर 'वाव' टाकतो. ही जागा रिकामी गेली तर सांगणारा खट्टू होतो. मुंबईच्या ऑफिसात साहेब बोलत असताना गप्प राहून मान हलवणं ही अदब आहे. व्हिडिओ कॉलवर, कॅमेरा बंद असताना, ती मान कुणाला दिसणार? साहेबाने गोष्ट रंगवून सांगितली तर मध्ये एखादं 'वाव' किंवा 'नो वे' टाकायला लाजू नका.

राहिलं व्याकरण. त्यात फार दम नाही, पण चुका ठरलेल्या आहेत. आश्चर्य तुम्हाला वाटलं तर 'सरप्राइज्ड', आश्चर्य वाटायला लावणारी बातमी 'सरप्राइझिंग'. 'आय ॲम व्हेरी सरप्राइझिंग' म्हणजे मी स्वतः मोठा अजब प्राणी आहे. 'व्हेरी' हे सरप्राइज्डला चालतं. स्टन्ड, ॲस्टाउंडेड, अपॉल्ड यांच्यात 'फार' आधीच भरलेलं असल्याने त्यांना 'ॲब्सोल्यूटली' लावतात. आश्चर्य बातमीचं असेल तर पुढे 'ॲट' किंवा 'बाय' घ्या. आणि 'व्हॉट'ने उद्गार काढताना मोजता येणाऱ्या गोष्टीलाच 'अ' लागतो. व्हॉट अ सरप्राइज, व्हॉट अ मॅच. पण नुसतं व्हॉट वेदर. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर संध्याकाळी सात वाजता रिक्षा, ओला, बेस्ट, सगळ्यांतून एकच वाक्य ऐकू येतं, 'व्हॉट अ ट्रॅफिक!' ट्रॅफिकला 'अ' लागत नाही. जॅमला लागतो.